जामीन झाला, पण सुटका नाही: कच्च्या कैद्याला बाहेर काढायची कागदपत्री वाट

२०२२ च्या अखेरीस देशातल्या तुरुंगांत ५,७३,२२० बंदी होते आणि त्यातले ४,३४,३०२ कच्चे, म्हणजे खटला चालू असलेले किंवा सुरूच न झालेले. सरासरी भरती होती क्षमतेच्या १३१ टक्के. तुरुंग सुधारणेची चर्चा निघाली की नव्या बराकी, नवे कायदे, नवे न्यायाधीश यांच्या मागण्या होतात. त्या योग्यच आहेत. पण या कच्च्या कैद्यांतला एक मोठा हिस्सा असा आहे की ज्याला आत ठेवायचं असं कुणीही ठरवलेलं नाही. कायद्याने त्याची सुटका कधीच देय झालेली असते, किंवा जामीन मंजूर होऊन आदेश फायलीत पडून असतो. अडतं ते कागदावर. हा मजकूर त्या कागदासाठी आहे: नातेवाईक, विधी स्वयंसेवक, कॉलेजचे विधी सहाय्य गट आणि नवे वकील यांच्यासाठी. संदर्भ महाराष्ट्रातल्या कोर्टांचा आहे. कायदा केंद्राचा असल्याने गोव्यातही तोच लागू पडतो.

आधी माहितीचा कागद

अर्ज लिहायच्या आधी एक पान भरा. कैद्याचं पूर्ण नाव (वडिलांच्या नावासह, तुरुंगाच्या रजिस्टरला जसं लिहिलंय तसं), बंदी क्रमांक, पोलीस ठाणं, गुन्हा रजिस्टर नंबर आणि वर्ष, कलमं, कोर्ट, केस नंबर, १६ अक्षरी सीएनआर क्रमांक (ई-कोर्ट्सवर प्रत्येक केसला मिळणारा वेगळा क्रमांक), पहिल्या रिमांडची (कोर्टाने कोठडी दिल्याची) तारीख, दोषारोपपत्र दाखल झाल्याची तारीख, पुढची तारीख. शेवटचा रकाना सर्वात महत्त्वाचा: याच माणसावर आणखी कुठली केस आहे का, आणि तिथे तो 'ताब्यात' दाखवलाय का?

यातलं निम्मं मुलाकातीत कळतं, निम्मं ई-कोर्ट्सच्या (कोर्टांतल्या केसेसची माहिती देणाऱ्या) ॲपवर. ॲपवर नावाने शोधताना एकाच नावाची तीन-तीन स्पेलिंग टाकून बघा. 'शेख' आणि 'शैख', 'कांबळे' आणि 'कांबळी' असे घोळ नेहमीचे. दुसऱ्या केसची माहिती मात्र कैदी हमखास विसरतो किंवा त्याला ती ठाऊकच नसते. ती कारागृहाच्या न्यायविभागात विचारायची. ती न विचारता जामीनदार उभा केला, पैसे भरले, सुटकेचा आदेश तुरुंगात गेला आणि तिथे कळलं की दुसऱ्या पोलीस ठाण्याचं वॉरंट लागलेलं आहे, हा प्रकार फार घडतो.

वकील नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ प्रमाणे कोठडीतल्या माणसाला मोफत वकील मिळायला उत्पन्नाची अट नाही. 'उत्पन्नाचा दाखला आणा' असं कुणी म्हणालं तर हे कलम दाखवा. हेल्पलाइन १५१००. कैद्याची वकीलपत्रावरची सही तुरुंगाधिकाऱ्याच्या साक्षांकनासह लागते, म्हणून कोरं वकीलपत्र पहिल्याच फेरीत आत पाठवा. नाहीतर आठवडा त्यातच जातो.

तारखेचे हिशेब

१ जुलै २०२४ पासून सीआरपीसीच्या (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या) जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली आहे. तिच्यात सुटकेच्या तीन तारखा दडलेल्या आहेत. त्या कॅलेंडरवर मांडून ठेवायच्या.

पहिली, दोषारोपपत्राची मुदत, कलम १८७(३). ती टळली की जामीन हा आरोपीचा हक्क होतो. गुन्ह्याला फाशी, जन्मठेप किंवा दहा वर्षं वा त्याहून जास्त शिक्षा असेल तर ९० दिवस, बाकी गुन्ह्यांत ६०. (संघटित गुन्हेगारीविरुद्धचा मोक्का आणि दहशतवादविरोधी यूएपीए यांत ती १८० पर्यंत जाऊ शकते, अमली पदार्थांच्या मोठ्या गुन्ह्यांत ती मुळातच १८० असते आणि एक वर्षापर्यंत वाढू शकते.) दिवस मोजायचे ते अटकेपासून नाही, मॅजिस्ट्रेटने पहिला रिमांड दिला त्या तारखेपासून, आणि ती तारीख धरून. सर्वोच्च न्यायालयाने हा वाद मार्च २०२३ मध्ये संपवला. समजा पहिला रिमांड ३ मार्चला झाला आणि गुन्हा साठ दिवसांचा आहे. मार्चचे २९, एप्रिलचे ३०, झाले ५९. साठावा दिवस १ मे. तोवर दोषारोपपत्र आलं नाही तर २ मे रोजी कोर्ट उघडताना अर्ज टेबलावर हवा. १ मेला महाराष्ट्र दिनाची सुट्टी असते. पण सुट्टीच्या दिवशीही मॅजिस्ट्रेट नेमलेला असतो, त्यामुळे पोलिसांना एक दिवस वाढवून मिळाला असं गृहीत धरू नका.

इथे घाई का, तर हा हक्क मागितला तरच मिळतो. २ मेला अर्ज दिला आणि पोलिसांनी त्याच दुपारी दोषारोपपत्र टाकलं, तर हक्क टिकतो. अर्ज ३ तारखेवर ढकलला आणि दोषारोपपत्र २ ला आलं, तर गेला. म्हणून अर्जावर आवक शिक्क्यासोबत वेळही लिहून घ्या. लेखी अर्ज तयार नसेल तर न्यायाधीशांसमोर तोंडी मागा आणि ते रोजनाम्यात (कोर्टाच्या तारीखवार नोंदीत) नोंदवायची विनंती करा. तोंडी मागणीही पुरते, हे २०१७ मध्येच ठरलं आहे. आणि या जामिनासाठी कोर्ट 'अमुक लाख जमा करा' अशी अट घालू शकत नाही.

दुसरी तारीख, कलम ४७९. कमाल शिक्षेच्या निम्मा काळ आत गेला की जामीन द्यायचा. पूर्वी कधीच दोषी ठरला नसेल तर एक तृतीयांश पुरे. फाशी किंवा जन्मठेप ही ज्या गुन्ह्याच्या शिक्षेतली एक शक्यता आहे तो गुन्हा यातून बाहेर. साध्या चोरीला कमाल तीन वर्षं: पहिल्यांदाच आलेल्याचा एक तृतीयांश म्हणजे एक वर्ष, बाकीच्यांचा निम्मा म्हणजे दीड वर्ष. राहत्या घरातल्या चोरीला सात वर्षं: एक तृतीयांश म्हणजे दोन वर्षं चार महिने. धोकादायक हत्याराने गंभीर दुखापत (जुन्या भारतीय दंड संहितेचं ३२६, नव्या भारतीय न्याय संहितेचं ११८(२)) ऐकायला दहा वर्षांचा गुन्हा वाटतो, पण तिथे जन्मठेपेचाही पर्याय आहे, म्हणजे ४७९ लागू नाही. कलमाचा मूळ मजकूर उघडून पाहिल्याशिवाय गणित करू नका.

गुन्हा १ जुलै २०२४ च्या आधीचा असला तरी एक तृतीयांशाचा नियम लागतो. २३ ऑगस्ट २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तसं स्पष्ट केलं आहे.

याच कलमात आणखी एक गोष्ट आहे जी वकीलही सोडून देतात. पहिल्यांदा आलेल्या आरोपीला कायदा 'बाँड'वर सोडायला सांगतो, आणि नव्या संहितेच्या व्याख्येप्रमाणे बाँड म्हणजे जामीनदाराशिवायचा जातमुचलका, आरोपीची स्वतःची लेखी हमी. जामीनदार लागतो तो 'बेल बाँड'ला. तरीही सवयीने आदेशात 'व एक सक्षम जामीनदार' घुसतं. अर्जाच्या विनंती कलमातच 'केवळ वैयक्तिक जातमुचलक्यावर' असं लिहा आणि व्याख्येचं कलम २ तिथेच उद्धृत करा.

सरकारी वकील दोन आक्षेप घेतात. एक, आरोपीमुळेच खटला लांबला. आरोपीने लावलेला उशीर वजा होतो हे खरं, म्हणून रोजनाम्याची प्रमाणित नक्कल आधीच काढा आणि प्रत्येक तारखेपुढे कारण लिहा: साक्षीदार गैरहजर, आरोपीला तुरुंगातून आणलं नाही, न्यायाधीश रजेवर. असा तक्ता जोडला की हा आक्षेप सहसा गळतो. दुसरा आक्षेप अवघड आहे. ४७९(२) म्हणतं, एकाहून जास्त गुन्हे किंवा केसेस चालू असतील तर या कलमाखाली जामीन नाही. मोबाइलचोरीत चार पोलीस ठाण्यांनी चार केसेस दाखवलेला पोरगा इथेच अडकतो, आणि आमच्या मते या कलमातली ही सर्वात मोठी खोट आहे. कायद्यातली पळवाट बंद करायला निघालेल्यांनी गरिबासाठीची वाटच बंद केली. अशा वेळी ४७९ चा हट्ट सोडून नेहमीच्या जामिनाचा अर्ज करा आणि आत गेलेला काळ हा त्यातला मुख्य मुद्दा ठेवा. उपकलम २ मुळे या कलमाचा हक्क जातो, कोर्टाचे एरवीचे अधिकार जात नाहीत.

तिसरी तारीख कुणाच्या लक्षातच नसते: ४८०(६). मॅजिस्ट्रेटसमोर चालणारी अजामीनपात्र केस, पुराव्यासाठी नेमलेल्या पहिल्या तारखेपासून ६० दिवसांत संपली नाही आणि आरोपी त्या सगळ्या काळात आतच होता, तर जामीन द्यायचा. नाकारायचा असेल तर कारणं लेखी द्यावी लागतात.

जामीनपात्र गुन्ह्यात तर मोजायचे फक्त सात दिवस. अटकेपासून आठवड्यात जामीन देऊ शकला नाही तर तो माणूस निर्धन आहे असं मानायला कलम ४७८ प्रमाणे तेवढं पुरतं, आणि त्याला जामीनदाराशिवाय सोडायचं असतं.

आदेश हातात, जामीनदार नाही

आदेश असा दिसतो: 'अर्जदारास रु. २५,०००/- च्या वैयक्तिक जातमुचलक्यावर व तितक्याच रकमेच्या एका सक्षम जामीनदारावर मुक्त करण्यात यावे.' गावाकडून मुंबई-पुण्यात बांधकामावर आलेल्या माणसाकडे २५ हजार नसतात, आणि सातबारा किंवा पगाराची स्लिप असलेला ओळखीचाही नसतो. ही अडचण जुनी आहे. १९७८ मध्ये मोतीराम खटल्यात एका गवंड्याला दहा हजारांचा जामीनदार मागितला गेला आणि दिलेला जामीनदार दुसऱ्या जिल्ह्यातला म्हणून नाकारला गेला. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी तेव्हाच त्यावर कडक शब्दांत लिहिलं. कोर्टांच्या बाबूंपर्यंत ते अजून पुरतं पोहोचलेलं नाही.

जामीनदार मिळत असेल तर त्याची फाइल एकाच फेरीत पूर्ण करा. आधार, पॅन, रेशनकार्ड, दोन फोटो. सोबत ऐपतीचा पुरावा: नोकरदार असेल तर ओळखपत्र आणि शेवटच्या तीन महिन्यांच्या पगार स्लिपा, शेतकरी असेल तर चालू सातबारा आणि ८-अ, घर असेल तर घरपट्टीची ताजी पावती. काही कोर्टं तहसीलदारांचा ऐपतीचा दाखला मागतात. तो सेतू केंद्रातून काढायला दिवस लागतात, म्हणून जामीन अर्जावर युक्तिवाद व्हायच्या आधीच टाकून ठेवा. जामीनदाराने आणखी कुणाकुणाला जामीन राहिलाय हे त्याला प्रतिज्ञापत्रावर सांगावं लागतं, ते खरं सांगू द्या. नाव तिन्ही कागदांवर सारखं नसेल (आधारवर 'बाबू', सातबाऱ्यावर 'बाबुराव') तर 'दोन्ही नावांची व्यक्ती एकच' असं प्रतिज्ञापत्र आधीच जोडा. फाइल परत येते ती बहुतेक वेळा याच कारणाने. आणि कोर्टाबाहेर पैसे घेऊन उभे राहणारे धंदेवाईक जामीनदार वापरू नका. कागद बनावट निघाला तर जामीन रद्द होतो आणि वर नवा गुन्हा.

जामीनदार नसेल तर महाराष्ट्रात सर्वात चालणारा उपाय म्हणजे तात्पुरता रोख जामीन. ज्या कोर्टाने आदेश दिला तिथेच अर्ज द्यायचा: जामीनदार आणेपर्यंत चार किंवा सहा आठवडे तेवढी किंवा कमी रक्कम रोख भरून सुटकेची परवानगी द्यावी. कलम ४९० त्यासाठी आहे. शक्यतो ही विनंती मूळ जामीन अर्जातच घाला, म्हणजे दुसरा अर्ज आणि दुसरी तारीख वाचते. जामीन हायकोर्टाने दिला असला तरी जातमुचलका आणि रक्कम बहुधा खटला चालणाऱ्या कोर्टातच भरायची असते.

तेवढेही पैसे नसतील तर अट शिथिल करून घ्यायची. इथे ३१ जानेवारी २०२३ चा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश तुमचं मुख्य हत्यार आहे. त्याप्रमाणे जामीन देणाऱ्या कोर्टाने आदेशाची प्रत त्याच किंवा दुसऱ्या दिवशी ईमेलने कारागृह अधीक्षकांमार्फत कैद्याला पाठवायची. सात दिवसांत सुटका झाली नाही तर अधीक्षकांनी विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवायचं. सचिवांनी परिवीक्षा अधिकारी (प्रोबेशन ऑफिसर) किंवा विधी स्वयंसेवकाकडून कैद्याच्या आर्थिक-सामाजिक स्थितीचा अहवाल करून घेऊन कोर्टासमोर ठेवायचा. महिना उलटला तर कोर्ट स्वतःहून अट बदलण्याचा विचार करू शकतं. आणि स्थानिकच जामीनदार हवा ही अट शक्यतो घालू नये.

आठव्या दिवशी एक साधं पत्र सचिवांना द्या: अमुक तारखेला जामीन, रक्कम अमुक, आज सात दिवस झाले, सुटका नाही, अहवाल मागवावा. पोच घ्या.

त्या अहवालात काय लिहायचं याचा विचार क्वचितच होतो. 'आरोपी गरीब आहे' या वाक्याने न्यायाधीशाच्या हाती काहीच लागत नाही. त्याला दोनच गोष्टी हव्या असतात: हा तारखेला येईल का, आणि न आल्यास कुठे सापडेल? म्हणून लिहा: सध्याचा पत्ता, तिथे किती वर्षं, घर कुणाच्या नावावर, घरमालकाचं किंवा शेजाऱ्याचं नाव आणि फोन. मुकादमाचं किंवा मालकाचं 'सुटल्यावर कामावर घेईन' असं पत्र. घरात कमावतं कोण, मुलं कुठल्या शाळेत, मूळ गावचा पत्ता आणि सरपंच किंवा पोलीस पाटलाचा दाखला. महिन्याची मिळकत आकड्यात, आणि तिच्या तुलनेत जामिनाची रक्कम किती महिन्यांची. शेवटी स्पष्ट मागणी: जामीनदाराऐवजी दर पंधरा दिवसांनी पोलीस ठाण्यात हजेरी, किंवा रक्कम पाच हजारांवर आणावी. घासाघीस करायला कोर्टाच्या हाती एक पर्याय दिला की आदेश लवकर होतो. मॅजिस्ट्रेटने नाकारलं तर रक्कम कमी करण्याचा अधिकार कलम ४८४ ने सत्र न्यायालयाला आणि हायकोर्टाला दिलेला आहे.

दहा-बारा केसेस असतील आणि प्रत्येकीत वेगळा जामीनदार मागितला असेल, तर तेच जामीनदार सगळ्या केसेसना चालावेत अशी मागणी करा. ऑगस्ट २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने १३ गुन्ह्यांच्या प्रकरणात ती मान्य केली आहे.

सरकारी पैसा

२०२३ मध्ये केंद्राने गरीब बंद्यांसाठी अर्थसहाय्याची योजना आणली. जिल्हाधिकारी, विधी सेवा प्राधिकरणाचे सचिव, पोलीस अधीक्षक, कारागृहाचे अधीक्षक आणि जिल्हा न्यायाधीशांनी नेमलेले न्यायाधीश अशी समिती असते. मूळ सूचनांत कच्च्या कैद्याच्या जामिनासाठी एका केसला ४० हजारांपर्यंत आणि शिक्षा झालेल्याच्या दंडासाठी २५ हजारांपर्यंत अशी मर्यादा होती. चालू मर्यादा प्राधिकरणाच्या कार्यालयात विचारून घ्या. पैसे कैद्याच्या हातात येत नाहीत, थेट कोर्टात जमा होतात. भ्रष्टाचार, मनी लाँड्रिंग, अमली पदार्थ आणि यूएपीएच्या केसेस यातून वगळल्या आहेत.

योजना चांगली आहे, पण समितीची बैठक कुणी मागे लागल्याशिवाय होत नाही. अर्जाची प्रत जिल्हाधिकारी कार्यालयातही द्या, आणि जामीन आदेश, सात दिवस उलटल्याची कारागृहाची नोंद, अहवाल हे तिन्ही कागद एकत्र जोडा. एक कागद कमी पडला की विषय पुढच्या बैठकीवर जातो.

आढावा समितीला कामाला लावणं

प्रत्येक जिल्ह्यात कच्च्या कैद्यांची आढावा समिती आहे, प्रमुख जिल्हा न्यायाधीश तिचे अध्यक्ष. तिने दर तिमाहीला यादी तपासून सुटकेची शिफारस करायची. ४७९ मध्ये बसणारे, जामीन होऊन अडकलेले, तडजोडयोग्य गुन्ह्यांतले, आजारी, स्त्रिया, आणि १९ ते २१ वयाचे पहिल्यांदाच आलेले मुलगे (सात वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यात, कमाल शिक्षेचा चौथा हिस्सा काळ आत गेलेला) असे गट ठरलेले आहेत. गैरसमज नको: समिती कुणाला सोडत नाही, शिफारस करते. शिफारशीनंतर कुणी कोर्टात अर्जच केला नाही तर नाव पुढच्या तिमाहीच्या यादीत जसंच्या तसं येतं. म्हणून बैठकीच्या पंधरा दिवस आधी तुमच्या यादीतली नावं, पात्रतेची तारीख आणि कलम असा तक्ता सचिवांना द्या आणि बैठकीनंतर प्रत्येक नावापुढे 'अर्ज कोण करणार' हे विचारा. इतिवृत्तं माहिती अधिकारात मागता येतात. नावं झाकून आकडे मागा, नकार मिळायची शक्यता कमी होते.

पात्रतेची तारीख आली की कोर्टाला लेखी अर्ज करण्याची जबाबदारी ४७९(३) ने थेट कारागृह अधीक्षकांवर टाकली आहे. त्यांना वेळ नसेल, मनुष्यबळ नसेल, पण हे त्यांचं कायदेशीर काम आहे, मेहेरबानी नाही. पत्रात तसं नम्रपणे लिहायला हरकत नाही.

शेवटचे शंभर मीटर

रक्कम भरली, जातमुचलका झाला. आता कोर्टातून सुटकेचा आदेश कारागृहाकडे जातो. तो टाईप होऊन सहीला जायच्या आधी लिपिकाकडे उभं राहून वाचा. नाव, वडिलांचं नाव, गुन्हा नंबर, वर्ष, कलमं आणि पोटकलमं तुरुंगातल्या वॉरंटशी अक्षरशः जुळली पाहिजेत. २०२५ मध्ये गाझियाबादला सुटकेच्या आदेशात एक पोटकलम लिहायचं राहिलं म्हणून एका माणसाला जवळपास महिनाभर सोडलं नव्हतं. सर्वोच्च न्यायालयाने राज्याला पाच लाखांची अंतरिम भरपाई द्यायला लावली. भरपाई मिळाली, महिना गेलाच.

मोठ्या कारागृहांत असे आदेश ठरलेल्या वेळी पेटीतून काढतात. ती वेळ चुकली की दुसरा दिवस. शुक्रवारी दुपारी निघालेला आदेश संध्याकाळच्या आत पोहोचेल याची खात्री करा. बाहेर सोडतात तेव्हा बहुधा अंधार पडलेला असतो, मोबाइल पोलिसांकडे मुद्देमालात असतो आणि खिशात भाड्याचे पैसे नसतात. कुणीतरी गेटवर हवं.

मग तारखा. रोख जामिनाचे सहा आठवडे संपायच्या आत जामीनदार आणला नाही किंवा मुदतवाढ घेतली नाही तर अजामीनपात्र वॉरंट निघतं आणि दुसऱ्या वेळी जामीन फार अवघड होतो. सुटल्यावर लगेच एका कार्डावर पुढची तारीख, कोर्ट नंबर, वकिलाचा फोन आणि रोख जामिनाची शेवटची तारीख लिहून द्या, एक प्रत घरच्यांकडे. तारखेला येणं जमणारच नसेल तर आदल्या दिवशी वकिलाला कळवायचं, म्हणजे गैरहजेरी माफीचा अर्ज देता येतो.

आणि नाझरकडून (कोर्टात पैसे भरून घेणाऱ्या कर्मचाऱ्याकडून) मिळालेली रोख रकमेची पावती जपा. पावती ज्याच्या नावाची, रक्कम त्यालाच परत मिळते. त्यामुळे पैसे मामाचे असतील तर पावतीही मामाच्याच नावाची फाडा, आणि तिचा फोटो वकिलाच्या फायलीत ठेवा.